लहान घर आणि उजेडाची वांटणी

मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या मध्यम स्थितींतील कुटुंबाला आपलें घर लहान आहे हें कोणी सांगावें लागत नाहीं. अंधेरी आणि घाटकोपर हीं उपनगरें १९५० सालीं, व बोरिवली आणि मुलुंड हीं १९५७ सालीं बृहन्मुंबईच्या हद्दींत आलीं. त्यानंतर आगगाडीच्या रुळांच्या दोन्ही अंगांस इमारतींची जी दाटी होत गेली, तिच्यांत दोन खोल्यांचें घर हीच पुष्कळांची आयुष्याची मिळकत ठरली. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेखालीं मिळणारें घर प्रारंभीं २२५ चौरस फुटांचें होतें. तें पुढें २६९ आणि नंतर ३०० चौरस फुटांचें झालें. स्वतःच्या कमाईनें घर विकत घेणाऱ्या कारकुनाची किंवा शिक्षकाची मजल अनेकदां याहून फार पुढें जात नाहीं.

क्षेत्रफळ वाढविणें सहसा कोणाच्या हातीं नसतें. परंतु आहे त्या क्षेत्रफळांत मनुष्याला कोंडल्यासारखें वाटावें कीं मोकळें वाटावें, हें मात्र बऱ्याच अंशीं त्याच्या हातीं असतें. याचें कारण असें कीं, डोळा जागा मोजतो ती फुटांनीं नव्हे, उजेडानें. खोलीचा जो कोपरा अंधारांत असतो, तो डोळ्याच्या हिशेबीं खोलींतून वजा होतो. दहा फूट रुंदीच्या खोलींत पलीकडची भिंत काळोखांत असेल, तर ती खोली सात फुटांचीच भासते. म्हणून लहान घर सजविण्याचा प्रश्न हा मूलतः सामानाचा किंवा रंगसंगतीचा प्रश्न नसून उजेडाच्या वांटणीचा प्रश्न आहे. खिडकींतून जो थोडा प्रकाश आंत येतो तो कोणत्या भिंतीला, कोणत्या कामाला आणि घरांतील कोणत्या माणसाला मिळावा, हें ठरविलें कीं पुढील गोष्टी पुष्कळशा आपोआप ठरतात.

उपनगरांतील घर अंधारें कां असतें, हें प्रथम पाहिलें पाहिजे. मुंबईला हा प्रश्न नवा नाहीं. १८९६ सालीं शहरांत प्लेगची सांथ आली, तेव्हां दाट वस्तींतील कोंदट खोल्यांकडे सरकारचें लक्ष गेलें आणि १८९८ सालीं बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. या ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनीं १९१२ सालीं मुंबईंतील घरांचा उजेड व हवा या विषयावर व्याख्यान दिलें होतें. त्यांनीं ज्या नियमाचा हिरिरीनें पुरस्कार केला, तो ६३.५ अंशांचा नियम होय. तळमजल्यावरील खिडकीच्या भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत एक रेषा कल्पिली, तर तिनें जमिनीशीं केलेला कोन ६३.५ अंशांहून मोठा असूं नये, असा तो नियम. व्यवहाराच्या भाषेंत याचा अर्थ इतकाच कीं, समोरची इमारत जितकी उंच असेल, तिच्या निम्मी तरी जागा मधें मोकळी असावी.

आतां या मापानें उपनगरांतील एखादी अरुंद गल्ली मोजून पाहावी. आठ मजल्यांच्या, म्हणजे सुमारें २४ मीटर उंचीच्या, दोन इमारती समोरासमोर उभ्या असतील, तर ऑर यांच्या नियमानें त्यांच्यामध्यें १२ मीटर अंतर हवें. तें अंतर ३ मीटर असेल, तर तोच कोन सुमारें ८३ अंशांचा होतो. म्हणजे खालच्या मजल्यावरून आकाशाची केवळ एक चिंचोळी पट्टी दिसते. मुंबई सुमारें १९ उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबराच्या अखेरीस येथील मध्यान्हींचा सूर्य दक्षिणेस सुमारें ४७ अंशांच्या उंचीवर असतो. त्याचा किरण अशा गल्लींत वरच्या मजल्यांनाच शिवून परत जातो. सूर्य अगदीं डोक्यावर येतो तो मे महिन्याच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस. आणि जुलैंत आकाश ढगांनीं भरलेलें असतें. तेव्हां खालच्या मजल्यावर राहणारानें उन्हाची आशा न धरतां आकाशाचा उजेड आणि भिंतींवरून परतून येणारा उजेड या दोहोंवरच आपला संसार उभारावयाचा असतो.

हा केवळ सुखसोयीचा विषय नव्हे. गोवंडी व मानखुर्द भागांतील लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजीपी वसाहत या पुनर्वसन वसाहतींची जी पाहणी ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेनें केली व २०१८ सालीं जी प्रसिद्ध झाली, तिच्यांत एकमेकींस खेटून उभ्या असलेल्या इमारतींच्या खालच्या मजल्यांवर, जेथें उजेड व हवा कमी पोंचते तेथें, क्षयाचे रुग्ण अधिक आढळले. क्षयाचे जंतु हवेंतून पसरतात. हवा खेळती असेल तर ते विरळ होतात, आणि सूर्यप्रकाश त्यांस मारक असतो. घराच्या सजावटीचा विचार करतांना ही गोष्ट विसरतां येत नाहीं. जी युक्ति खोली मोठी भासवील पण हवा अडवील, ती त्याज्य मानली पाहिजे.

कामाला प्रारंभ एका साध्या परीक्षेनें करावा. दिवसा, दिवे मालवून, एक स्टूल खोलींतील निरनिराळ्या ठिकाणीं ठेवावें, त्यावर बसावें आणि खिडकींतून आकाशाचा तुकडा दिसतो कीं नाहीं तें पाहावें. जेथून आकाश दिसतें तेथपर्यंत खडूची एक खूण करावी. या खुणेच्या अलीकडे खिडकीचा उजेड सरळ येतो; पलीकडे येतो तो भिंतींवर आपटून, थकून आलेला. ही रेषा म्हणजे घराचा खरा नकाशा होय. अगदीं खालच्या मजल्यावर ती खिडकीपासून दोन-तीन फुटांवरच संपेल. वरच्या मजल्यावर खोलीच्या मध्यापर्यंत जाईल. एकाच आकाराचीं दोन घरें एकाच तऱ्हेनें कां सजवूं नयेत, हें या परीक्षेनें तत्काळ कळून येतें.

ती खूण झाल्यावर एक प्रश्न कुटुंबानें एकत्र बसून सोडवावा: खुणेच्या अलीकडे कोणी बसावयाचें? पुष्कळ घरांत खिडकीखालीं सोफा असतो आणि तो दिवसभर रिकामा असतो. उलट अभ्यास करणारा मुलगा आंतल्या कोपऱ्यांत दिव्याखालीं वांकलेला असतो, आणि वृद्ध आजी सर्वांत अंधाऱ्या भिंतीशीं टेकलेली असते. वस्तुतः साठी उलटलेल्या डोळ्याला विशींतील डोळ्यापेक्षां पुष्कळच अधिक उजेड लागतो. घरांत दिवसाचे सर्वांत अधिक तास जी व्यक्ति काढते, आणि बारीक नजरेचें काम जिला करावयाचें असतें, तिचा खिडकीवर पहिला हक्क. निवडण्या-टिपण्याचें, शिवण्या-वाचण्याचें काम उजेडांत यावें. कपाट, फ्रिज आणि रात्रीचें अंथरूण हीं अंधारांत गेलीं तरी त्यांस तक्रार नसते. केवळ एवढी अदलाबदल केल्यानें एक पैही खर्च न होतां घर बदलल्यासारखें वाटतें.

यानंतर खिडकीकडे वळावें. खिडकी ही भिंतींतील उघडी जागा आहे, सामान ठेवण्याचें फडताळ नव्हे, हें उपनगरांतील घरांत वारंवार विस्मरणांत जातें. बाहेर काढलेल्या लोखंडी जाळींत जुने डबे, मोडकी सायकल, रिकाम्या कुंड्या आणि पाण्याचें पिंप सांठत जातात. तिच्या आड दोऱ्यांवर कपडे. कपड्यांच्या आड जाड पडदा. प्रत्येक थर थोडा थोडा उजेड घेतो, आणि आंतल्या माणसाला घर अंधारें कां हें कळत नाहीं. जाळींतील अडगळ काढावी. कपडे वाळत घालण्याची दांडी खिडकीच्या वरच्या भागांत नसावी, कारण खोलींत दूरवर जाणारा उजेड खिडकीच्या वरच्या हातभरांतूनच येतो. पडदा मलमलीसारखा पातळ घ्यावा आणि त्याची दांडी चौकटीच्या दोन्ही बाजूंस वीतभर पुढें न्यावी, म्हणजे पडदा सारल्यावर तो भिंतीवर जातो, कांचेवर राहत नाहीं. कांचा महिन्यांतून एकदां धुवाव्या. जाळीला आंतून उघडणारें एक दार असावें. आग लागल्यास बाहेर पडण्याचा तो कदाचित् एकच मार्ग असतो. गॅलरी बंद करून खोलींत घेतली असेल, तर जुन्या खोलीची खिडकी आतां आकाशापासून चार फूट आंत गेलेली असते. अशा ठिकाणीं मधली भिंत काढण्याचा मोह होतो. तो विचार इमारतीच्या रचनेचा जाणकार अभियंता पाहून गेल्याशिवाय आणि रीतसर परवानगी मिळाल्याशिवाय मनांतही आणूं नये.

खिडकींतून आंत आलेला उजेड किती दूर पोंचेल, हें भिंतींच्या रंगावर अवलंबून असतें. येथें थोडें गणित उपयोगी पडतें. स्वच्छ पांढरी भिंत तिच्यावर पडलेल्या प्रकाशापैकीं सुमारें ८० टक्के परत देते. मध्यम गडद रंगाची भिंत सुमारें ५० टक्के देते. आंतल्या कोपऱ्यांत पोंचण्यापूर्वीं प्रकाश तीन वेळां परतून आला असें धरलें, तर पहिल्या खोलींत शंभरांपैकीं ५१ भाग उरतात, आणि दुसरींत अवघे साडेबारा. खिडकी एकच असतां उजेडांत चौपट अंतर पडतें! छत तर सदैव पांढरेंच असावें. खिडकीला लागून असलेली भिंत आणि खिडकीच्या चौकटीची आंतली जाडी हीं दोन ठिकाणें सर्वांत फिकट ठेवावीं, कारण प्रकाशाचा पहिला आघात तेथें होतो. घर दवाखान्यासारखें दिसूं नये म्हणून रंगाची हौस अवश्य करावी, पण ती उशांच्या अभ्य्रांवर, सतरंजीवर, एखाद्या चित्रावर करावी. चार भिंतींवर नव्हे. काळी कडप्पा फरशी आणि गडद सागवानी रंगाचीं छतापर्यंत पोंचणारीं कपाटें, दिसावयास कितीही भारदस्त असलीं तरी, अंधाऱ्या घरांत उजेड गिळून टाकतात.

आरशाविषयीं पुष्कळ गैरसमज आहेत. आरसा लावला कीं खोली दुप्पट होते असें म्हणतात. पण आरसा प्रकाश निर्माण करीत नाहीं, तो समोर जें असेल तें दुसऱ्यांदा दाखवितो. अंधाऱ्या कोपऱ्यासमोर लावलेला आरसा दोन अंधारे कोपरे दाखवील. लंडनमध्यें सर जॉन सोन या वास्तुशिल्पज्ञानें १८१२ च्या सुमारास आपल्या घरांत न्याहारीची एक लहानशी खोली बांधली. ती आज संग्रहालयाचा भाग म्हणून पाहावयास मिळते. तिच्या छतांत लहान लहान बहिर्वक्र आरसे बसविलेले आहेत आणि त्यांची मौज सर्वांना वाटते; परंतु सोननें आधीं छताच्या वरून उजेड आंत आणला आणि मग तो खेळविण्यास आरसे लावले, हा क्रम लक्षांत घेतला पाहिजे. आपल्या घरांत खिडकीला काटकोनांत असलेल्या भिंतीवर, खिडकीच्या जवळ, एक साधा उभा आरसा लावावा. त्यांत आकाश किंवा समोरची उजळ भिंत दिसत असेल तर जागा बरोबर. आपलेंच कपाट दिसत असेल तर आरसा हलवावा.

आतां सामानाकडे. दहा फूट रुंद व बारा फूट लांब अशी १२० चौरस फुटांची खोली घ्यावी. तिच्यांत ३० चौरस फुटांचा दुहेरी पलंग, १५ फुटांचा सोफा, १२ फुटांचें जेवणाचें टेबल, ८ फुटांचें कपाट, ६ फुटांचें दूरदर्शन-संचाचें मेज आणि ४ फुटांचा फ्रिज ठेवला, तर ७५ चौरस फूट सामानानें व्यापले. माणसांना ४५ उरले, आणि तेही वांकडेतिकडे. त्याऐवजीं खालीं कप्पे असलेला १५ फुटांचा एक दिवाण, भिंतीला बिजागरीनें जोडलेलें घडीचें टेबल, तेंच ८ फुटांचें कपाट आणि तोच फ्रिज ठेवावा, संच भिंतीवर टांगावा. म्हणजे २७ फूट जाऊन ९३ मोकळे राहतात. खोली तीच, पण चालण्यास जागा दुपटीहून अधिक.

यांत नवीन असें कांहीं नाहीं. चाळींतील दहा बाय बाराच्या खोलींत दोन पिढ्या नांदल्या, त्या सकाळीं अंथरुणाच्या वळकट्या करून, पाट भिंतीशीं उभे करून आणि एकाच जमिनीला दिवसांतून चार वेळां निराळें रूप देऊन. अंथरूण पाहून पाय पसरण्याची म्हण आपण खर्चाला लावतों. ती जागेलाही तितकीच लागू आहे. घडीची खुर्ची, गुंडाळण्याची चटई, ओढून बाहेर घेण्याचा पलंग हीं त्या जुन्या शहाणपणाचींच नवीं रूपें होत. जें सामान ठेवावयाचें तें जमिनीपासून पायांवर उचललेलें असावें. खालून फरशी पुढें जातांना दिसली कीं डोळा तिच्याबरोबर भिंतीपर्यंत जातो. उंच वस्तु सर्व एकाच भिंतीला, शक्यतों खिडकीच्या भिंतीच्या बाजूस किंवा दाराच्या मागें न्याव्या, आणि दारांतून आंत पाऊल टाकतांच नजर खिडकीपर्यंत विनाअडथळा जाईल असें करावें. माळ्यावर वर्षानुवर्षें पडलेल्या वस्तूंचा दिवाळीपूर्वीं एकदां हिशेब घ्यावा. दोन दिवाळ्यांत जी खालीं उतरली नाहीं, ती दुसऱ्या कोणाच्या उपयोगाची असेल तर त्यास द्यावी.

रात्रीचा प्रश्न निराळा, आणि खालच्या मजल्यांवर दिवसाही तोच प्रश्न असतो. छताच्या मध्यावर एकच प्रखर दिवा लावला म्हणजे माणसें उजळतात, कोपरे काळे राहतात आणि भिंती जवळ आल्यासारख्या वाटतात. त्याऐवजीं कमी शक्तीचे दोन-तीन एलईडी दिवे भिंतीकडे किंवा छताकडे तोंड करून लावावे. भिंत उजळली कीं ती मागें सरकते. वाचण्याच्या जागीं व ओट्यावर मात्र स्वतंत्र दिवा असावा, आणि तो आपल्या हाताची सांवली कामावर पडणार नाहीं अशा बाजूनें यावा.

हवेचा विचार उजेडाबरोबरच करावा लागतो. एकाच बाजूस खिडकी असलेल्या खोलींत वारा शिरत नाहीं, कारण त्याला बाहेर जाण्यास वाट नसते. मुख्य दाराला जाळीचें दुसरें दार असेल, तर आंतलें लांकडी दार दिवसा उघडें ठेवतां येतें आणि हवेचा ओघ सुरू होतो. जुन्या इमारतींत दारावर झरोका असे. तो ज्यांच्या घरीं अद्यापि आहे, त्यांनीं तो पुठ्ठ्यानें बुजवूं नये. स्वयंपाकघरांतील हवा बाहेर टाकणारा पंखा केवळ फोडणीच्या वेळीं न लावतां सकाळ-संध्याकाळ थोडा वेळ चालवावा. जून ते सप्टेंबर या पावसाच्या महिन्यांत बाहेरच्या भिंतीला ओल येते; कपाट तिला चिकटवून ठेवलें तर मागें बुरशी धरते. तीन बोटें अंतर सोडावें, आणि रंगापूर्वीं गळतीचा बंदोबस्त करावा. ओल्या भिंतीवर दिलेला पांढरा रंग एक पावसाळाही टिकत नाहीं.

येथवर सांगितलें तें एका कुटुंबाच्या हातचें झालें. परंतु अरुंद गल्लींतील घराला मिळणारा उजेड बराचसा समोरच्या इमारतीच्या भिंतीवरून परतून येतो. म्हणजे शेजाऱ्याची भिंत हाच आपला दिवा होय. ती काजळलेली, शेवाळलेली असेल तर आपल्या खोलींतील पांढरा रंग निम्मा वायां जातो. १९१५ सालीं गांवदेवी येथें सारस्वत मंडळींची सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली, तिच्यामागें रावबहादुर श्रीपाद सुब्राव तालमकी यांची दृष्टि होती. एकट्यादुकट्याला न परवडणारें घर सर्वांनीं मिळून उभारावें हें तिचें मर्म. आज उपनगरांत इमारतीगणिक अशी संस्था आहे. बाहेरचा रंग ठरवितांना प्रवेशद्वाराच्या शोभेबरोबर मागील अरुंद बाजू आणि आंतील चौक हेही फिकट रंगवावे, आणि समोरच्या संस्थेशीं बोलून तिनेंही तसेंच करावें असें सुचवावें. यांत दोघांचाही लाभ आहे. चौकांत पत्रे घालून तो बंद करणें हें तर खालच्या मजल्याच्या नाकातोंडावर हात ठेवण्यासारखें आहे.

जुन्या इमारती पाडून उंच नव्या बांधण्याचा क्रम उपनगरांत चालूच आहे. अशा वेळीं सभासदांची सारी चर्चा पन्नास चौरस फूट अधिक मिळतील कीं साठ, या एकाच प्रश्नाभोंवतीं फिरते. नकाशा पुढें येईल तेव्हां एक प्रश्न त्याच आग्रहानें विचारला पाहिजे: आपल्या खिडकीपासून समोरची भिंत किती अंतरावर, आणि ती किती उंच? अधिक मिळालेले दहा फूट सामानानें भरून जातील. गेलेलें आकाश मात्र आरशानें, रंगानें किंवा दिव्यानें पुरतेपणीं परत येत नाहीं. उजेडाची वांटणी घरांत आजी, मुलगा आणि गृहिणी यांच्यामध्यें जशी न्यायानें व्हावी, तशीच ती इमारतीइमारतींमध्येंही व्हावी. आणि हा न्याय मागण्याची वेळ पाया खोदण्यापूर्वींची असते.